व्याह्याची गाडी

रघू केणेनं उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करण्यात घालवला. स्वतःच्या पैशानं गाडी घेतली ती एकदाच, आणि तीही देऊन टाकायला.

खोपटच्या एसटी डेपोत तो मेकॅनिक होता. नोकरीतली शेवटची बरीच वर्षं त्यानं ब्रेकडाऊन व्हॅनवर काढली. घाटात, हायवेला कुठं बस बंद पडली किंवा आपटली, की निघायचं आणि तिला ओढून आणायचं. वाटेत इतरांच्याही गाड्या दिसायच्या. चेपलेल्या, फाटलेल्या, कधी आत माणसं तशीच असलेल्या. घरी आल्यावर तो त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

केण्यांची कल्याणच्या बाजूला भातशेती होती. ती रघूच्या बापानं इमारती यायच्या आधीच विकून टाकली. ज्यांनी कळ काढली ते शेठ झाले आणि रघू डेपोत लागला. बायको तुळसा, एकुलती एक मुलगी ऋतिका, आणि खोपटातलं वन रूम किचन, एवढाच त्याचा पसारा. ऋतिका बीकॉम झाली, नौपाड्यात एका सीएकडे कामाला लागली. रघू रिटायर झाला त्याच वर्षी एका नातेवाइकाच्या हळदीत तिला मितेश मढवीनं नाचताना पाहिलं आणि आठवड्याभरात मागणी आली.

डोंबिवलीच्या पुढं भोपरला मढव्यांचं नाव मोठं होतं. मितेशचा बाप धाकूशेठ याच्या जमिनीवर दोन इमारती उभ्या होत्या आणि रस्त्याला लागून गाळे होते. घराच्या अंगणात फरशी, फरशीवर झोपाळा, झोपाळ्यावर धाकूशेठ. रघूची छाती फुगली. तुळसानं मात्र घरी आल्यावर विचारलं,

"आपल्याला झेपतील का हो ही माणसं?"

"अगं, आपल्याच समाजातली आहेत. परकी थोडीच?"

बोलणी करताना धाकूशेठनं हात जोडले. "आमाला काय नको, व्याही. पोरगी द्या न् नारल द्या. आता तुमची पोरगी मढव्यांच्या दारात रिक्षातून उतरली, तर ते तुमाला बरं दिसंल का, तेवरं फक्त बघा."

रघूला समजायचं ते समजलं. फंडाचे पैसे आले होते, ते तसेच्या तसे बाजूला ठेवून तो गाड्यांच्या शोरूम पालथ्या घालायला लागला.

भोपरला दर तिसऱ्या दारात उंच, दांडगी एसयूव्ही होती. तेवढी ऐपत त्याची नव्हती, आणि खरं तर त्याला ती नकोही होती. उंच गाड्या वळणावर कशा कलंडतात ते त्यानं पाहिलं होतं. खाली बसलेली, लांबट, रस्ता धरून चालणारी गाडी हवी, असं त्याचं ठरलं. घोडबंदर रोडच्या एका शोरूममध्ये संचिता नावाची मुलगी त्याला माहिती देत होती. तिनं सवयीनं मायलेजपासून सुरुवात केली.

"ते नंतर सांग, पोरी," रघू म्हणाला. "ठोकली तर आतल्या माणसाचं काय होतं, ते आधी सांग."

ती गडबडली. मग टॅबवर तिनं चाचणीचा व्हिडिओ दाखवला, एअरबॅग दाखवल्या. रघूनं सगळं पाहिलं, आणि मग चकचकीत फरशीवर आडवा होऊन गाडीच्या खाली बघितलं. दार उघडून बंद केलं, पुन्हा उघडलं. रबर दाबलं, बिजागरी चाचपली. शेजारची दुसरी सेडान लिटरमागे जास्त चालत होती, दिसायलाही झोकदार होती. तिचं दार त्यानं एकदाच लावून पाहिलं. पोकळ आवाज आला.

"ही जास्त चालते, कारण हिच्या अंगात काही नाही," तो सोबत आलेल्या तुळसाला म्हणाला. "ती जड आहे. थोडं पेट्रोल खाईल, पण पोरगी आत सुखरूप राहील."

पांढरी, जड, पेट्रोलची सेडान त्यानं घेतली. ताब्यात मिळाली त्या दिवशी तिघंच तिच्यातून उपवनला गेली. ऋतिका पुढं बसली होती, चप्पल काढून पाय वर घेऊन. तुळसा मागं, दोन्ही हातांनी पुढची सीट धरून. तळ्याजवळ गाडी थांबवल्यावर ऋतिका भेळ आणायला उतरली, पण तुळसा उतरेना.

"बसू दे मला जरा," ती म्हणाली. "पुन्हा कधी बसणार आहे मी हिच्यात?"

लग्नात गाडीला झेंडूच्या माळा घातल्या. भोपरच्या अंगणात ती इतर मोठ्या गाड्यांच्या मधे उभी राहिली तेव्हा धाकूशेठ झोपाळ्यावरून उठून आला. त्यानं बॉनेटवर अंगठा दाबला. पत्रा किंचित आत गेला आणि टक् करून परत वर आला.

"डब्याचं झाकान हाय का रं हे?" तो म्हणाला, आणि मंडपातली माणसं हसली. रघूही हसला. बॉनेटचा पत्रा मऊच असतो, धडकेत तो चुरगळावा म्हणूनच तसा करतात, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण मुलीच्या बापानं त्या दिवशी बोलायचं नसतं.

पहिल्या गणपतीला ऋतिका माहेरी आली, दीड दिवस राहिली. त्यानंतर येणं बंद झालं. फोन यायचा, पण स्पीकरवर. मागून सासू शेवंतीचा आवाज ऐकू यायचा, "बोल, बोल, बरी हाय म्हून सांग." न राहवून दिवाळीत रघू आणि तुळसा करंज्यांचा डबा घेऊन थेट भोपरला गेले. त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग धाकूशेठ शांतपणे म्हणाला, "व्याही, बोलावल्याबिगर यायची पद्धत आमच्यात नाय. लोक म्हणतील, मढव्यांच्या घरात पोरीला काय होतंय म्हून बाप तपासाया येतंय."

ऋतिका आतल्या दारात उभी होती. बाहेर आली नाही. परतताना स्टेशनच्या गर्दीत रघूनं तुळसाचा हात इतका घट्ट धरला की तिच्या काचेच्या बांगड्या फुटल्या.

ऋतिकाला दिवस गेले, मुलगी झाली. तिचं नाव प्राप्ती ठेवणार, असं फोनवर कळलं. बारशाचं बोलावणं आलं ते बाहेरच्या पंगतीपुरतं. बाळंतपणाला माहेरी पाठवायचं नावही कोणी काढलं नाही.

मग एक दिवस मितेशचा फोन आला.

"मामा, तुमची गाडी पेट्रोल पिते."

गाडी नेहमी 'तुमची'च होती. पेट्रोल भरायची वेळ आली की, काच कुरकुरली की, स्पीड ब्रेकरला खाली घासली की, ती तुमची. "कंपनी अठरा बोलते, मला अकरा पण देत नाही. माझ्या मित्रांसमोर माझी लाज जाते. या आणि बघा काय ते."

रघू हत्यारांची पिशवी घेऊन धावतच निघाला. दोष गाडीचा थोडा आणि मितेशचा जास्त होता. काटई नाक्यावर मित्रांशी गप्पा मारताना एसी चालू ठेवून तासन् तास गाडी उभी करायची, आणि रस्ता मोकळा दिसला की ॲक्सिलरेटरवर पाय ठोकायचा. त्यातच शीळ रोडच्या खोदकामाची धूळ. एअर फिल्टर काळाकुट्ट होऊन बसला होता. रघूनं नवा फिल्टर आणून बसवला, टायरमधली हवा नीट केली, प्लग साफ केले. दुपारी सगळे आत जेवत असताना ऋतिका त्याच्यासाठी चहा घेऊन अंगणात आली. तिच्या कडेवर प्राप्ती होती. रघूनं नातीला पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. हात ग्रीसनं माखलेले, म्हणून कोपरानंच तिच्या गालाला स्पर्श केला. पोरगी खुदकन हसली.

"आईचे गुडघे कसे आहेत?" ऋतिकानं विचारलं.

"बरे आहेत. तू बारीक झालीस."

"कामात जातो दिवस."

एवढंच बोलणं झालं. पण रघू ते बोलणं खोपटला घेऊन आला आणि तुळसाला पुन्हा पुन्हा सांगत राहिला. प्राप्तीचे दात कसे आलेत, ऋतिकानं कुठली साडी नेसली होती, कशी उभी होती. तुळसा त्या दिवशी पोटभर जेवली.

गाडी सुधारली. मितेश खूश झाला. त्याचा फोन यायचा बंद झाला.

एक महिना गेला, दुसरा गेला. तुळसा रोज रात्री विचारायची, "गाडीचं काही बोलले का?" रघू नकारार्थी मान हलवायचा. गाडी चांगली चाललीये याचं दुःख करणारा जगात तोच एक मेकॅनिक असेल.

सर्व्हिसिंगसाठी मितेशनं पुन्हा बोलावलं, कारण फुकटात होत होतं. धाकूशेठ आता त्याला व्याही म्हणत नव्हता. "ए मिस्तरी," अशी झोपाळ्यावरून हाक मारायचा. त्या दिवशी ऋतिका पुन्हा चहा घेऊन आली, आणि आत गेली तेव्हा रघूच्या लक्षात आलं, की हात धुवून निघालो की पुन्हा किती महिने हे तोंड दिसणार नाही. पिशवीत जुन्या बनियनचं फडकं होतं. त्यानं ते गाडीच्या हवा ओढणाऱ्या नळीत बोटानं आत सारलं. पूर्ण नाही, अर्धी नळी बंद होईल एवढंच. इंजिनाला श्वास कमी पडेल, पिकअप मरेल, मितेश आणखी जोरात दाबेल आणि पेट्रोल उडेल. ब्रेक, स्टिअरिंग, टायर यांना त्यानं हात लावला नाही. तो तसल्या गोष्टींना हात लावणारा माणूस नव्हता. पोरगी त्या गाडीत बसते.

काही आठवड्यांत फोन आला. "मामा, तुमचा डबा पुन्हा पेट्रोल प्यायला लागला."

तेव्हापासून हे चालूच राहिलं. रघू जायचा, फडकं काढायचा, इकडंतिकडं पाने फिरवायचा. गाडी सुधारायची. चार दिवसांनी एखादा स्क्रू आवळायचा राहिला असं निमित्त काढून तो जायचा आणि ते पुन्हा घालून यायचा. धाकूशेठ झोपाळ्यावरून शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलायचा. "ह्याला एसटीत पगार कसला देत होते रं? साधी गारी जमत नाय." कधी त्याला गाडी धुवायला लावायचे, कधी दुसऱ्या गाड्याही पुढं करायचे. ऊन असलं तरी आत बोलवायचे नाहीत. रघूला त्याचं काहीच वाटायचं नाही. शिव्या ऐकताना त्याचे डोळे आतल्या दारावर असायचे.

तुळसा पिशवीत पान्यांच्या खाली तांदळाच्या फेण्या, सुकटाची चटणी, प्राप्तीसाठी झबलं असं काहीबाही लपवून पाठवायची. तिला या फडक्याचं ठाऊक होतं. तिनंच एकदा विचारलं होतं, "अहो, जरा जास्त नाही का घालता येणार? लवकर बोलावतील." आणि पुढच्या खेपेला रघूनं जास्त घातलं.

ऋतिकात काही गोष्टी त्याला दिसत होत्या. मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस. कपाळाच्या कडेला पिवळसर डाग. हाताची मनगटं काटक्यांसारखी. दिसत होतं, पण तो विचारत नव्हता. मिळालेली दहा-पाच मिनिटं अशा प्रश्नांत घालवायची त्याची हिंमत होत नव्हती. एकदा चहाचा पेला देताना ती अगदी हळू म्हणाली, "बाबा, गाडी एकदाच नीट करा ना. कायमची."

त्याला वाटलं, बापाचा अपमान तिला बघवत नाही. "माझं काही नाही गं," तो म्हणाला. "मी येत राहीन."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग आतून शेवंतीची हाक आली आणि ती गेली.

हे सगळं उघडं पडलं ते मितेशच्या एका मित्रामुळं. तो म्हणाला, सासऱ्याच्या नादी कशाला लागतोस, एकदा वर्कशॉपला टाक. तिथल्या माणसानं नळी उघडली, चिमट्यानं फडकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "साहेब, हे उडून आत गेलेलं नाही. हे कोणीतरी हातानं घातलंय."

रविवारी सकाळी रघूला बोलावणं आलं. तो खुशीत गेला. पिशवीत तुळसानं प्राप्तीसाठी लाकडी बाहुली दिली होती. अंगणात पोचला तर झोपाळ्याभोवती गल्लीतली माणसं जमलेली. मितेशनं काळं पडलेलं फडकं त्याच्या पायांशी टाकलं.

"ओळखता का मामा?"

खोटं बोलावं असं त्याच्या मनातही आलं नाही.

"मीच घातलं."

"का रं?" धाकूशेठनं झोपाळा पायानं थांबवला. "आमचं नुकसान करून तुला काय भेटलं?"

"गाडी बिघडली की तुम्ही बोलवता," रघू म्हणाला. "बोलावलं की पोरगी दिसते. दुसरं काही नाही, शेठ."

मग धाकूशेठ हसला. आधी नाकातून, मग पोट हलेपर्यंत. "आयला, फडका घालून पोरीला बघाया येतंय!" गल्लीतलीही हसली. मितेशनं मोबाइल काढून फडक्याचा आणि रघूचा फोटो घेतला. तो हळदीहळदीत फिरणार हे रघूला तिथंच कळलं.

"जा, हात धू न् निघ," धाकूशेठ म्हणाला.

अंगणाच्या कोपऱ्यात नळ होता. रघू तिथं जाऊन वाकला. हात काळे झालेच नव्हते, तरी तो धूत राहिला. मागून पावलं वाजली. ऋतिका बादली घेऊन आली होती. तिनं बादली नळाखाली ठेवली, म्हणजे पाण्याच्या आवाजात बोलणं कोणाला ऐकू जाणार नाही.

"तुम्ही घालत होता?" तिनं विचारलं.

"तुला बघायला गं. तुझी आई..."

"बाबा, मायलेज कमी आलं की तो माझं ताट उचलतो." तिचा आवाज सपाट होता, दुसऱ्या कोणाचं सांगत असल्यासारखा. "तुझ्या बापाच्या गाडीनं खाल्लं, आता तू नको खाऊ, म्हणतो. गाडी नीट होईपर्यंत. मित्रांसमोर कोणी काही बोललं असेल, तर हातही उचलतो. पंपावरून आला की मी आधी त्याचं तोंड बघते, आकडा काय आला ते तोंडावरून कळतं मला."

बादली भरत होती.

"मला वाटायचं, नशीबच वाईट," ती म्हणाली. "गाडी नीट व्हायची, चार दिवस बरे जायचे, पुन्हा बिघडायची. मी देवाला नवस बोलले होते त्या गाडीसाठी. आणि तुम्ही आत बोट घालून..."

"तू सांगायचंस तरी!"

"सांगितलं. नीट करा म्हटलं होतं."

"चल. आत्ताच्या आत्ता चल माझ्याबरोबर."

"प्राप्ती तिच्या मांडीवर आहे." ऋतिकानं मान मागं वळवली. शेवंती दारात बसली होती, नात तिच्या कवेत. "मी एकटी गेले, तर ती मला पुन्हा दिसणार नाही." बादली भरून वाहायला लागली होती. तिनं नळ बंद केला. "तुम्ही जा, बाबा."

रघू अंगणात परत आला. त्याला धाकूशेठच्या पायांवर डोकं ठेवायचं होतं, आणि त्याचा गळाही धरायचा होता. दोन्ही झालं नाही. धाकूशेठनं गाडीची किल्ली त्याच्या हातावर टाकली.

"गारी घेऊन जा तुजी. कागदं तुज्या नावावर करून पाठवतो. आमी कोणाचं ठेवत नाय." मग तो पुढं वाकला. "न् आता या घरात तुजं काय काम राहिलं नाय, मिस्तरी."

गाडी दिली, मुलगी ठेवून घेतली. रघूनं बाहुली झोपाळ्याच्या कडेला ठेवली. शेवंतीनं ती उचलून पुन्हा त्याच्या पिशवीत टाकली. गाडी सुरू करून तो गेटातून बाहेर पडला, तेव्हा गल्लीतल्या पोरांनी मागून शिट्ट्या मारल्या. शीळ रोडवर त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं, तरी गाडी सरळ चालत होती. उत्तम गाडी होती ती. इंजिनाचा आवाज नव्हता, खड्डे जाणवत नव्हते.

घरी येऊन त्यानं तुळसाला सगळं सांगितलं. तुळसानं ऐकून घेतलं, स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीवर कपाळ आपटायला लागली. त्यानं तिला मागून धरून ठेवलं. "जास्त घाला म्हटलं मी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मीच म्हटलं, जास्त घाला."

दुसऱ्या दिवशी रघू पोलिसांत गेला. त्यांनी तक्रार लिहून घेतली, मढव्यांना बोलावलं. ऋतिका आली, एका बाजूला मितेश, दुसऱ्या बाजूला शेवंती, आणि प्राप्ती घरी. फौजदार बाईंनी तिला दोनदा विचारलं, एकदा सगळ्यांना बाहेर काढूनही विचारलं. ती दोन्ही वेळा म्हणाली, मला काही त्रास नाही. जाताना तिनं बापाकडे पाहिलं नाही.

मितेशनं मोठी एसयूव्ही घेतली. ती किती पेट्रोल खाते याची चौकशी त्यानं कधीच केली नाही. रघू सुरुवातीला सेडान घेऊन भोपरला जायचा, गल्लीच्या तोंडाशी लांब उभा राहायचा. एकदा गच्चीत कपडे वाळत घालताना ऋतिकाला गाडी दिसली. तिनं हातानं जोरात खूण केली, जा, जा म्हणून, आणि कपडे तसेच टाकून आत पळाली. गाडी पाहिली म्हणूनही तिला काहीतरी भोगावं लागणार, हे आता त्याला न सांगता कळत होतं. तो परत गेला नाही.

ती सुटली, पण त्याच्यामुळं नाही. प्राप्ती शाळेत जायला लागल्यावर एक दिवस ऋतिका मधल्या सुट्टीत शाळेत गेली, मुलीला घेतलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी रिक्षात बसली. नौपाड्याच्या ऑफिसातली एक जुनी मैत्रीण उल्हासनगरला राहत होती. तिनं विठ्ठलवाडीला खोली बघून ठेवली होती आणि जीन्सच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम. हे सगळं ऋतिकानं कितीतरी महिने एकटीनं, मनातल्या मनात जुळवलं होतं. माहेरी तिनं कळवलं नाही.

मितेश चार माणसं घेऊन खोपटला आला. "कुठंय ती?" म्हणत त्यानं दार धडाधड वाजवलं. रघू म्हणाला, "मला माहीत नाही," आणि ते खरं होतं. त्यांनी खाली उभ्या असलेल्या सेडानची काच फोडली, दारावर लाथा घातल्या. रघू जिन्यात उभा राहून बघत होता. पोरगी कुठं आहे ते आपल्याला माहीत नाही, म्हणून आपल्याकडून ते निघूही शकत नाही, याचं त्याला इतकं बरं वाटलं, की तो मधे पडला नाही. मढव्यांनी पुढं मुलीच्या ताब्यासाठी कल्याणच्या कोर्टात केस घातली. ती अजून चालू आहे.

ऋतिकाचा फोन आला तो तुळसाला. "आई, तू ये. एकटी ये."

तुळसाच्यानं स्टेशनचे पूल चढवत नाहीत, रिक्षात चढवत नाही, म्हणून रघूच तिला गाडीनं नेतो. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी. विठ्ठलवाडी स्टेशनाच्या बाजूच्या अरुंद रस्त्यात, इमारतीच्या दाराला लावून तो गाडी उभी करतो, तिला हात धरून पहिल्या पायरीपर्यंत सोडतो, पुढं ती कठडा धरून हळूहळू चढते, आणि तो परत येऊन स्टिअरिंगमागं बसतो. वर जायला त्याला कोणी सांगितलेलं नाही. कधी वरून प्राप्तीचा आवाज येतो. तो काच खाली करून ऐकत बसतो. नवी काच बसवलीये, दाराचे पोचे तसेच आहेत.

असे बरेच महिने गेले. परवा ऋतिका खाली आली. रघूनं तिला जिन्यातून उतरताना पाहिलं आणि त्याला दार उघडायचं सुचेना. ती भरली होती अंगानं, चष्मा लागला होता, केस कापले होते. ती त्याच्या खिडकीपाशी आली आणि थोडं अंतर ठेवून उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "गाडी इथं लावू नका. घरमालक बोलतो. मला त्याच्याशी भांडण नकोय."

"हो, हो," रघू म्हणाला. "पुढं घेतो. कुठं लावू?"

"कुठंही लावा. इथं नको."

ती वळून वर गेली. रघूनं गाडी सुरू केली, हळूच रस्त्यावर काढली आणि पुढं नेली. जागा कुठंच नव्हती. रिक्षांची रांग, जीन्सचे गठ्ठे लादलेले टेम्पो, भाजीच्या गाड्या. बऱ्याच लांब, नाल्याच्या कडेला एक मोकळा तुकडा मिळाला. तिथून इमारत दिसत नव्हती. त्यानं गाडी तिथं लावली, काच वर केली आणि तुळसा खाली येण्याची वाट बघत बसून राहिला.